पाणी पोचायची वेळ

यज्ञेश्वर पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं पाण्याचे कागद करत बसले. धरणातून पाणी कधी सोडलं, नदीच्या वाळूत किती मुरलं, कुठल्या बंधाऱ्यावर किती वाजता पोचलं, हे सगळं त्यांच्या हातच्या अक्षरात संगमनेरच्या कुठल्या तरी कपाटात आजही धूळ खात पडलं असेल. पण या चौतीस वर्षांत हा माणूस घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरला नव्हता. पाण्याची इतकी माहिती आणि पाण्याशी इतकी कमी ओळख, हे फक्त सरकारी नोकरीतच जमतं.

निवृत्त झाले तेव्हा घरात ते आणि प्रेमलाबाई अशी दोनच माणसं उरली होती. मुलगा अनीश कॅनडात. वडलांना निवृत्तीची भेट काय द्यावी हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं स्वतःला जे आवडतं तेच धाडून दिलं. फ्लाय फिशिंगचा रॉड. चार तुकडे एकात एक खोचले की नऊ फुटांची लवचिक काठी व्हायची. सोबत एक रीळ, पिवळीधमक जाडसर दोरी, आणि एका डबीत पिसांच्या बारीक बारीक माश्या, प्रत्येकीच्या पोटात गळ लपवलेला. सात पिढ्यांत ज्या घरात मासा शिजला नाही त्या घरात मासे धरायचं हत्यार येऊन पडलं. प्रेमलाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि जळमटं काढायला चालेल का, एवढंच विचारलं.

पंधरा दिवस रॉड माळ्यावर होता. मग दुपारी खायला उठायला लागल्या तेव्हा यज्ञेश्वरांनी तो खाली काढला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत गच्चीवर सराव सुरू केला. नेहमीच्या गळाला वजन असतं, ते फेकलं की दोरी त्याच्यामागून जाते. इथं सगळं उलटं. माशीला वजनच नाही, फेकायची ती दोरी. काठी मागे न्यायची, पाठीमागे दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं, आणि मगच पुढे झोकायची. पहिल्या आठवड्यात त्यांच्या गळाला शेजारच्यांच्या दोन साड्या आणि एक टॉवेल लागला.

गच्चीवर काही मासे नसतात. म्हणून एके सकाळी ते बसनं भिमाजीच्या वस्तीवर जाऊन उभे राहिले.

भिमाजीची वस्ती संगमनेरपासून वीसेक किलोमीटरवर, अकोले रस्त्याला, प्रवरेच्या अगदी काठाशी. दीड एकर ऊस, चार म्हशी, बायको केशरबाई, आणि पिकअपमधून डेअरीला दूध घालणारा मुलगा आदिनाथ. भिमाजीची आणि यज्ञेश्वरांची ओळख कचेरीतली. पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म भरायला भिमाजी दर हंगामात यायचा आणि यज्ञेश्वर तो भरून द्यायचे, वर कोणत्या तारखेला किती वाजता पाणी शेताच्या चारीला येईल तेही सांगायचे. त्या तारखेला त्या वेळेला पाणी यायचंच. पाणी धरणातून येतं, साहेबांच्या तोंडातून नाही, हे भिमाजीला कळत नव्हतं असं नाही. पण वीस वर्षं एखाद्याचा शब्द खरा होताना पाहिला की माणूस त्या शब्दाकडे बघायचं सोडून देतो.

साहेब मासे धरायला आलेत हे ऐकून भिमाजी आधी हसला. धरलेला मासा साहेब परत सोडणार आहेत हे ऐकल्यावर मात्र तो हसायचा थांबला आणि काळजीनं त्यांच्याकडे बघायला लागला. खायचा नाही, विकायचा नाही, मग धरायचा कशाला, हा त्याचा प्रश्न होता. 

पुढची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा हे दोघं नदीवर असायचे. यज्ञेश्वर जे शिकले ते सगळं आपटून शिकले. पहिल्या दिवशी माशी नदीत पडायच्या आधी सहा वेळा पाठीमागच्या बाभळीत पडली. काटे काढून काढून भिमाजीची बोटं रक्ताळली तेव्हा तो म्हणाला की साहेब, म्होरं फेकायच्या आधी मागं काय हाय ते बघत जावा. व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाच्या पाठीमागे बाभूळ नव्हती, त्यामुळे त्यानं हे सांगितलं नव्हतं. मग एकदा वारा फिरला आणि माशी थेट यज्ञेश्वरांच्या कानाच्या पाळीत बसली. भिमाजीनं दोरीचा फास गळात अडकवला, गळाचा दांडा अंगठ्यानं खाली दाबला, नातवंडांची चौकशी करता करता एक हिसका दिला आणि गळ बाहेर. त्यानंतर यज्ञेश्वर प्रत्येक गळाचा उलटा काटा घरीच पकडीनं चेपून आणायला लागले. माशालाही तेवढाच त्रास कमी, आणि कानालाही.

शेवाळावरून रबरी सँडल सटकून ते खडकावर तोंडावर आपटले, समोरचा दात अर्धा गेला. प्रेमलाबाईंनी महिनाभर नदीचं नाव काढू दिलं नाही. पुढच्या खेपेला भिमाजीनं गोणपाटाचे तुकडे सुतळीनं त्यांच्या सँडलच्या तळाला बांधले, आणि शेवाळावर पाय असा बसला की जणू जमिनीवरच उभे आहेत. पाण्यात पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. हातातल्या काठीला तळ लागल्याशिवाय पुढं जायचं नाही. सूर्य पाठीशी घेतला की सावली डोहावर पडते आणि मासा पळतो, म्हणून ऊन तोंडावर घ्यायचं, मग चेहरा भाजला तरी चालेल. हे सगळं भिमाजीनं सांगितलं असं म्हणता येणार नाही. यज्ञेश्वर चुकायचे आणि भिमाजी मागाहून एखादं वाक्य बोलायचा.

एक गोष्ट मात्र तो आधीच सांगायचा, आणि पुन्हापुन्हा सांगायचा. दर चार फेकींनंतर एकदा वरच्या अंगाला बघायचं. पाण्यावर फेस आला, उसाची पाचट वाहायला लागली, पाणी पायाला गार लागलं, की दोरी गुंडाळायची आणि काठावर यायचं. धरणाचं पाणी येताना आधी नदीतला कचरा पुढं ढकलतं. यज्ञेश्वर हे ऐकून गालातल्या गालात हसायचे. पाणी किती वाजता येणार हे ज्याला तोंडपाठ, त्यानं फेस कशाला बघायचा.

दुपारी केशरबाई पिठलं-भाकरी द्यायच्या. यज्ञेश्वरांसाठी त्यांनी तवा आणि पातेलं वेगळंच ठेवलं होतं, आणि दर वेळी ताट ठेवताना त्या सांगायच्या की ह्याला माशाचा हात लागलेला न्हाई. यज्ञेश्वर घरी परतल्यावर प्रेमलाबाईंना पिठल्याचं इतकं कौतुक सांगायचे की त्यांनी पिठलं करणंच सोडून दिलं. एकूण निवृत्तीनंतर या माणसाला जे सुख मिळालं ते त्या वस्तीवर मिळालं, यात शंका नाही.

आणि एक महाशीर होता. वस्तीच्या वरच्या अंगाला खडकांमधल्या डोहात तो दोनदा दिसला होता, हातभर लांब, सोनेरी खवल्यांचा. या पट्ट्यात आता महाशीर राहिलेच नाहीत असं सगळे म्हणायचे. यज्ञेश्वरांना दोन वर्षांत चिलापीशिवाय काही लागलं नव्हतं. तो मासा एकदा हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा, ही एवढी एक इच्छा त्यांच्या मनात घर करून बसली. साठाव्या वर्षी माणसाला असं काही झालं की त्याला समजावणं अवघड जातं.

वैशाखातली गोष्ट. उसासाठीचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, संपून नऊ दिवस झाले होते आणि पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा नदीत पाणी सोडायचं ठरलं. सकाळी सव्वासहाला यज्ञेश्वरांना रामचा फोन आला. राम धरणावर गेट उघडायच्या कामावर. तो नोकरीला लागला तेव्हा त्याचे कागद यज्ञेश्वरांनीच केले होते, ती आठवण ठेवून तो दर वेळी पाणी सोडलं की साहेबांना आवर्जून कळवायचा. सहाला सोडलंय, भोंगा वाजवलाय, सूचना देणारी जीपही गेलीय, तुम्ही आज नदीला जाऊ नका, असं तो म्हणाला. यज्ञेश्वरांनी मनात बेरीज केली. सहा आणि पाणी पोचायला दहा तास, म्हणजे दुपारचे चार. दोनला निघालं तरी हातात भरपूर वेळ. त्यांनी रॉडची पिशवी खांद्याला लावली. वस्तीवर पोचल्या पोचल्या त्यांनी भिमाजीला सांगितलंही, पाणी सुटलंय, पण चारशिवाय येत नाही.

अकराच्या सुमाराला भिमाजी काठावरून पाण्यात आला.

"साहेब, फेस आलाय. पाचटबी वाहतंय. निघू आता."

यज्ञेश्वरांची नजर डोहावर होती. नुकताच तिथं सोनेरी काहीतरी उलटलं होतं.

"वरच्या शेतातली पाचट असेल. सहाला सोडलंय, चारशिवाय पोचत नाही. चौतीस वर्षं मी हेच लिहीत आलोय, भिमाजी."

भिमाजीनं एकदा पाण्याकडे पाहिलं आणि एकदा साहेबांकडे. "तुमी म्हनता मंग ठीक हाय," तो म्हणाला.

पुढच्याच फेकीला मासा लागला. रॉड असा वाकला की यज्ञेश्वरांना तो दोन्ही हातांनी धरावा लागला. महाशीर डोहातून सुसाट निघाला तो थेट पलीकडे, आणि दोरी नदीच्या मधोमध असलेल्या खडकाला वेढा घालून अडकली. एका बाजूला मासा ओढतोय, दुसऱ्या बाजूला हे. यज्ञेश्वरांनी भिमाजीला सांगितलं की तेवढी दोरी सोडव. भिमाजी मांडीभर पाण्यातून सरकत खडकाशी गेला, वाकून दोरी सोडवायला लागला, आणि ती सुटायच्या आधी पाणी त्याच्या कमरेला लागलं.

नदीचं पाणी वाढताना सिनेमातल्यासारखी भिंत येत नाही. ते मुकाट्यानं वर चढतं. भिमाजी परत फिरला तेव्हा मधला प्रवाह छातीला आला होता आणि त्याचे पाय खालून निघत होते. यज्ञेश्वर मागे सरकून काठाच्या खडकावर चढले होते. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी रॉड पुढे केला. भिमाजीनं तो घट्ट धरला. आणि चार तुकड्यांचा तो रॉड मधल्या सांध्यातून अलगद निसटला. वरचे दोन तुकडे भिमाजीच्या हातात गेले, खालचे दोन यज्ञेश्वरांच्या हातात राहिले. भिमाजीनं त्या तुकड्यांकडे पाहिलं. तो घाबरलेला दिसत नव्हता, त्याला काही कळत नव्हतं असं दिसत होतं. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बंधाऱ्याशी तो सापडला.

पंचनाम्याला बसले असताना यज्ञेश्वरांना ते आठवलं. दहा तास लागतात ते कोरड्या नदीला. वाळू पाणी पिते, डोह भरावे लागतात, बंधारे भरावे लागतात. पण नदी ओली असेल, नऊ दिवसांपूर्वीच्या पाण्यानं बंधारे आधीच भरलेले असतील, तर पाणी साडेपाच तासांत पोचतं. कागदावर दोन रकाने असायचे, कोरड्या नदीचा आणि ओल्या नदीचा. कचेरीत नव्या आलेल्या प्रत्येक पोराला हे दोन रकाने यज्ञेश्वरांनीच समजावून दिले होते. त्या सकाळी त्यांना फक्त पहिला आठवला, कारण पहिल्यात मासा धरायला वेळ होता.

हवालदारानं विचारलं काय झालं. यज्ञेश्वर म्हणाले, अचानक पाणी आलं.

या तीन शब्दांत खोटं काही नव्हतं आणि तेवढ्यावर सगळं निभावून गेलं. गावानं ते उचललं. आदिनाथनं रडत रडत तेच भाऊबंदांना सांगितलं. दुपारपर्यंत "अचानक पाणी आलं"चं "न सांगता पाणी सोडलं" झालं, आणि संध्याकाळपर्यंत गेट उघडणाऱ्या रामचं नाव त्याला चिकटलं. जीप रस्त्यानं रोजच काही ना काही ओरडत जाते, कोण लक्ष देतो. कुणी ऐकलं असेल, कुणी नसेल. पण गावातला माणूस गेलाय म्हटल्यावर सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की भोंगा नाही, जीप नाही, काही नाही. चौथ्या दिवशी रामला निलंबित केल्याची बातमी आली.

सहाव्या दिवशी राम संगमनेरला घरी आला. चहाला शिवला नाही. समोर बसून तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "साहेब, मी तुमाला फोन केल्ता. तेवढं चौकशीत सांगा. दुसरं काय नको मला." यज्ञेश्वर म्हणाले, बघतो. आयुष्यभर कचेरीत लोकांना त्यांनी हा शब्द दिला होता आणि त्याचा अर्थ काय होतो हे रामलाही ठाऊक होतं. तो उठून गेला. आपण किती हलके आहोत हे यज्ञेश्वरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, पण कळूनही ते दारापर्यंत त्याच्या मागे गेले नाहीत.

आठव्या दिवशी आदिनाथ अर्ज घेऊन आला. दोषीवर कारवाई व्हावी असा. प्रत्यक्षदर्शी म्हणून सही पाहिजे होती. खाली केशरबाईंचा अंगठा आधीच उमटलेला होता. यज्ञेश्वरांनी चष्मा शोधायचं सोंग केलं आणि मग वाचून ठेवतो म्हणून कागद ठेवून घेतला. आदिनाथ जाताना त्यांच्या पाया पडला.

ते जेवेनासे झाले. प्रेमलाबाईंनी तीन-चार दिवस मऊ भात, ताक असं करून पाहिलं. त्यांना काय झालंय ते त्यांनी विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात न विचारताही पुष्कळ कळतं. एका सकाळी ताट तसंच उचलताना त्या म्हणाल्या, "मला सांगू नका. मी ऐकून काय करणार? ज्यांना सांगायला हवं त्यांना जाऊन सांगा."

यज्ञेश्वर तेराव्याला गेले. चौकशी दुसऱ्या दिवशी होती. मांडवात पंगती उठत होत्या, त्यांनी एका बाजूला चार घास गिळले. दुपार कलल्यावर पाहुणे पांगले तेव्हा ते गोठ्याकडे गेले. केशरबाई म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. तेरा दिवसांत बाई निम्मी झाली होती. यज्ञेश्वर उभेच राहिले आणि उभ्याउभ्या त्यांनी सगळं सांगितलं. रामचा फोन. दहा तास आणि साडेपाच तास. भिमाजीनं फेस दाखवला होता ते. आपण त्याला थांबवलं ते. दोरी सोडवायला आपणच पाठवलं ते. 

केशरबाईंनी हातातली वैरण टाकली, हात पदराला पुसले.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

यज्ञेश्वरांना वाटलं आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"जीप गेली ती मी आयकली हुती. म्हनून मी त्यांना फोन केला. ते काठावर व्हते, तुमी पान्यात व्हता. ते म्हनले, साहेब हायेत संगट, साहेबांनी हिशोब केलाय, चारपत्तर पानी येत न्हाई. मंग मीबी फोन ठेवला. मलाबी बरं वाटलं. साहेब हायेत म्हनल्यावर भ्यायचं काय. तेरा दिस झाले. रोज वाटायचं, आज सांगतील. त्याच दिवशी सांगितलं आसतं ना साहेब, तर आपुन दोघं मिळून रडलो आसतो. माझंबी ओझं हुतं. आता न्हाई हुत तसं."

यज्ञेश्वरांनी विचारलं, मग अर्जावर अंगठा का दिलात. केशरबाई म्हणाल्या की पोराला बाप गेल्याचं खापर कुणावर तरी फोडायचंय. ते रामवर फुटलं नाही तर बापावर फुटेल, फेस दिसत असताना पाण्यात का थांबला म्हणून. नाहीतर आईवर, फोन का ठेवला म्हणून. राम परका आहे.

"उद्या मी खरं ते सांगणार आहे," यज्ञेश्वर म्हणाले.

"सांगा. तुमचं तुमी सांगा. माझ्या फोनचं नाव काडू नका. काडलंत तर मी म्हनेन, मी काय आयकलं न्हाई." आणि त्या पुन्हा वैरणीकडे वळल्या. यज्ञेश्वर वस्तीवरून निघाले तेव्हा त्यांना कुणी बस येईपर्यंत थांबा म्हटलं नाही.

चौकशी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात होती. चौकशी अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले, टेबलावर फायली, भिंतीशी गावातली वीस-पंचवीस माणसं, कोपऱ्यात राम इस्त्रीचा शर्ट घालून. केशरबाई खाली सतरंजीवर आदिनाथच्या शेजारी. यज्ञेश्वरांनी सही न केलेला अर्ज टेबलावर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी कशाचीही काटछाट केली नाही. चूक माझी होती असं त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं. लिहिणाऱ्यानं सगळं लिहून घेतलं. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं की जीपची सूचना गावात कुणी ऐकली होती का, तुम्हाला काही माहिती. यज्ञेश्वरांनी सतरंजीकडे पाहिलं नाही. मला माहीत नाही, असं ते म्हणाले. तेरा दिवसांनी खरं बोलायला निघालेल्या माणसानं तिथं एक खोटं सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

मग व्हरांड्यात कुजबूज सुरू झाली. यज्ञेश्वरांना वाटलं होतं लोक अंगावर येतील, शिव्या देतील, कुणी मारेलसुद्धा. त्याची त्यांनी तयारी केली होती; खरं म्हणजे तेच त्यांना हवं होतं. पण लोक त्यांच्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं की शेवटी खात्याचाच माणूस. दुसरा म्हणाला, पेन्शन खातोय ना, वरून फोन आला असंल. आपला माणूस वाचवायचा म्हणून आता स्वतःवर घेतंय. माना हलल्या. सगळ्यांना ते पटलं, कारण ते सोपं होतं.

आदिनाथ त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते.

"माझा बाप तुमच्या शब्दावर उठायचा-बसायचा, साहेब. तुमच्यावानी हुशार मानूस पान्याच्या वेळंत चुकंल व्हय? हे कुनाला सांगताय? सगळी वस्ती सांगतीया भोंगा न्हाई वाजला, आन तुमी त्या राम्यासाठी खोटं बोलताय. बापाच्या जिवापरीस खातं मोठं झालं तुमाला."

"मी खोटं बोलत नाही, आदिनाथ. मीच त्याला थांब म्हणालो."

"ऱ्हाऊ द्या," आदिनाथ म्हणाला.

यज्ञेश्वरांनी तेव्हा केशरबाईंकडे पाहिलं. त्या व्हरांड्यात ते खरं बोलतायत हे ठाऊक असलेलं दुसरं माणूस तेवढंच होतं. त्यांनी एक शब्द काढला असता तर यज्ञेश्वर सगळ्यांच्या देखत गुन्हेगार ठरले असते, आणि यापेक्षा जास्त त्यांना आयुष्यात आता काही नको होतं. केशरबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"चल रं आदिनाथ," त्या म्हणाल्या, "म्हशींची येळ झाली."

दोघं पिकअपमध्ये बसून निघून गेले. त्यांच्यामागून बाकीची माणसंही पांगली.